डॉक्टर एवढे प्रश्न का विचारतात?

आमच्या वसाहतीतील एक भगिनी सात महिन्यांच्या बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. मी सोबत होतो. बाळाच्या कमरेवर निळसर डाग पाहून परिचारिकेने विचारले, "हे कशाने झाले? बाळ कोणाजवळ असते?" त्या भगिनी रडकुंडीला आल्या. "भाऊ, आम्ही गरीब म्हणून संशय घेतात काय?"

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी बाळंतपणाचा कागद मागितला. त्यावर डागांची नोंद होती. त्या म्हणाल्या, "हे जन्मापासूनचे डाग. आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतात, पुढे फिके होतात." मुका मार दुखतो, दिवसागणिक रंग बदलतो, या डागांचे तसे नसते.

मग परिचारिकेचे चुकले काय? मुळीच नाही.

मुलांना घरातच मार बसतो, हे 1962 साली अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांपुढे ठामपणे मांडले. डॉक्टर प्रथम पाहतात, सांगितलेली हकीकत आणि इजा जुळते का? खेळत्या मुलाचे गुडघे फुटतातच. पण रांगतही नसलेल्या बाळाला वळ, कानावर-मानेवर मार, दर वेळी बदलणारी हकीकत, आणायला उशीर, यांनी शंका येते. तरी एका खुणेवरून निकाल देत नाहीत. रक्त न गोठण्याचा किंवा हाडे ठिसूळ असण्याचा आजारही असू शकतो; म्हणून रक्त तपासतात, एक्स-रे काढतात. शंकेला गरीब-श्रीमंत, जात-धर्म हा आधार असता कामा नये. तसे वाटले तर शांतपणे मोठ्या डॉक्टरांना भेटावे.

लैंगिक अत्याचाराबाबत 2012 चा पॉक्सो कायदा कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याची शंका आली तरी डॉक्टरांनी पोलिसांना कळवलेच पाहिजे. कळवण्याआधी गुन्हा सिद्ध करणे त्यांचे काम नव्हे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. उपचार मोफत, आणि पोलिसांच्या कागदासाठी तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेल्या माणसासमोर करायची असते.

मातांनो, बाळंतपणाचा कागद जपून ठेवा. प्रश्न विचारले तर रागावू नका, खरे सांगा. शेजारी लेकरू रोज किंचाळत असेल तर "त्यांच्या घरचा मामला" म्हणू नका. 1098 वर फोन करा. आपण चुकलो तर चार माणसे रागावतील. गप्प बसून चुकलो तर एक लेकरू जाईल.