ड्रेझ्डेन

जर्मनीतील सॅक्सनी राज्याची राजधानी व बरोक वास्तुकलेसाठी प्रसिद्ध असलेले शहर. ते एल्ब नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. दुसरा ऑगस्टस (१६७०–१७३३) याच्या कारकीर्दीत त्यास वैभव प्राप्त झाले. त्स्विंगर प्रासाद त्याच काळातील असून तेथील चित्रवीथीत रॅफेएलचे सिस्टीन मॅडोना हे चित्र आहे. ग्रीन व्हॉल्ट या राजसंग्रहातील औरंगजेबाच्या दरबाराची रत्नजडित प्रतिकृती (१७०१–०८) भारतीय प्रवाशाने अवश्य पाहावी. डिंगलिंगर या सुवर्णकाराने दिल्ली न पाहता, प्रवासवर्णनांच्या आधारे ती घडविली. प्रत्यक्षात औरंगजेब तेव्हा दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता व काम पुरे होण्यापूर्वीच मरण पावला.

फेब्रुवारी १९४५ मधील ब्रिटिश-अमेरिकन बाँबहल्ल्यांत सु. २५,००० लोक मृत्युमुखी पडले व जुने शहर बेचिराख झाले. गेओर्ग बेअरने उभारलेले फ्राउअनकिर्ख हे घुमटाकार चर्च (१७२६–४३) आगीच्या धगीने १५ फेब्रुवारीस कोसळले. पूर्व जर्मन राजवटीत त्याचे अवशेष युद्धस्मारक म्हणून तसेच ठेवण्यात आले होते. १९९४ ते २००५ या काळात त्याची पुनर्रचना झाली. तीत वापरलेले जुने, काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांत उठून दिसतात.

येथील एल्ब खोऱ्यास २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तथापि नागरिकांनी २००५ च्या जनमतकौलात नदीवरील नव्या पुलास अनुकूल मत दिले. पुलामुळे खोऱ्याच्या दृश्यसौंदर्यास बाध येतो, या कारणास्तव २००९ मध्ये हे नाव यादीतून वगळण्यात आले. पूल २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला.