पोलादातील लपलेला तडा

देवणीच्या बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक आधी त्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ घरी येतो. बद्द आला तर कुंभाराकडेच राहतो. उर्दूत आपण ज्याला दराड म्हणतो, तो तडा डोळ्यांना दिसला नाही तरी कानांना कळतो. पण रेल्वेच्या डब्याखालील पोलादी आसाला टिचकी मारून काय कळणार?

आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा जाड दांडा. डब्याचे सारे ओझे त्यावर असते. फिरताना त्याचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. लाखो फेऱ्यांनंतर कुठेतरी केसाएवढा तडा पडतो आणि हळूहळू आत शिरतो. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांची दारे बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसे दगावली.

मग असा तडा आधीच कसा शोधायचा? एकदा आमच्या प्रयोगशाळेतील पट्टीचुंबक खाली पडून दुभंगला. मी दोन्ही तुकडे जुळवले, वर कागद ठेवला आणि लोहकीस भुरभुरवला. लोहकीस टोकांपाशी जमला, तसाच मधल्या सांध्यावरही जमला! तुकडे जुळलेले दिसत होते, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंना नवे ध्रुव तयार झाले होते. (तो मोडका चुंबक मी अजून जपून ठेवला आहे.)

हीच युक्ती कारखान्यात वापरतात. आपल्या लातूरच्या रेल्वे कारखान्यात २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. सांगाडा कितीही मजबूत असो, डबा धावतो तो चाकांवर. बंगळूरजवळ येलहंका येथे रेल्वेची चाके तयार होतात. तेथे चाकाला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकणांचा द्रव सोडतात. तड्यापाशी चुंबकीय बलरेषा पोलादाबाहेर येतात आणि कण तेथे गोळा होतात. हे कण चमकणारे असतात. अंधारात अतिनील प्रकाश टाकला की तडा उजळ रेघेसारखा दिसतो.

तडा बलरेषांना समांतर असेल तर मात्र तो निसटतो. म्हणून वस्तूला दोन वेगवेगळ्या दिशांनी चुंबकत्व देतात. काम झाल्यावर ते काढूनही टाकावे लागते, नाहीतर लोखंडाचा चुरा चिकटून बेअरिंग झिजते.

विमानाचे पंख ॲल्युमिनियमचे असतील तर? त्याला लोहकीस चिकटत नाही. तेथे १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन कामी येते. तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडून ते पंखाजवळून फिरवतात. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. वाटेत तडा आला की त्यांना वळसा घ्यावा लागतो आणि मापकाची सुई हलते.

या दोन्ही रीतींनी पृष्ठभागाचे किंवा त्यालगतचे दोष सापडतात. खूप खोल दडलेल्या दोषासाठी पुन्हा आवाजाचीच मदत घेतात. फक्त तो आपल्या कानांना ऐकू येत नाही.