विलीनीकरणानंतर पाना कोणाच्या हाती?

पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगाराला टॉर्क रेंच समजावून सांगावा लागत नाही. ठरलेला ताण आला की ‘कट्’ आवाज होतो; त्यापुढे नट आवळायचा नाही. विमानाच्या हँगरमध्येही हीच शिस्त असते. फरक सहीचा आहे. विमान उड्डाणयोग्य असल्याची सही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवाना असलेला अभियंता करतो, आणि तीही त्याला मान्यता असलेल्या प्रकारच्याच विमानासाठी.

म्हणूनच कंपन्या एकत्र आल्या तरी कारागीर लगेच एकत्र होत नाहीत. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. एकीकडे मुख्यतः बोइंग, तर दुसरीकडे एअरबस. अशा वेळी नवे प्रशिक्षण आणि नवी मान्यता लागते. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण विमानांची देखभाल करणारी एआयईएसएल ही कंपनी सरकारकडेच राहिली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनीही एअर इंडियात विलीन झाली.

या घडामोडींत नागपूरचे उदाहरण मोलाचे आहे. एअर इंडियाच्या ६८ विमानांच्या खरेदीसोबत बोइंगने भारतात देखभाल केंद्र उभारण्याचे कबूल केले होते. ते नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ साली सुरू झाले.

रोजगाराचे आश्वासन करारात, ठिकाणासह लिहिलेले असले की त्याचा पाठपुरावा करता येतो. मात्र हँगर बांधून भागत नाही. तिथे विमाने नियमित यायला हवीत आणि आपल्या मुलांना परवान्यापर्यंत पोहोचवणारे शिक्षण मिळायला हवे. पिंपरी-चिंचवडच्या हातांत कसब आहेच. त्याला ही वाट मोकळी करून द्या.