सही वकिलाची, शब्द यंत्राचे. मग जबाबदार कोण?

मागच्या महिन्यात चळवळीतले एक तरुण वकील आमच्याकडे आले. घराण्यात काळा कोट घालणारी त्यांची पहिलीच पिढी. वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. अॅट्रॉसिटीच्या एका प्रकरणात ते फिर्यादीच्या बाजूने उभे राहणार होते. आरोपींनी अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला होता आणि त्याला विरोध करणारे लेखी म्हणणे दुसऱ्या दिवशी दाखल करायचे होते. "दादा, हे वाचून बघा. मोबाईलवर पाच मिनिटांत तयार झालं," ते आनंदाने म्हणाले.

आम्ही वाचू लागलो. इंग्रजी झकास, मांडणी नीटनेटकी. पण तिसऱ्या पानावर आमची नजर अडखळली. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे आणि अटकेपूर्वी वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची मंजुरी घेणे आवश्यक आहे, असे त्यात लिहिले होते. म्हणजे फिर्यादीच्या वकिलाच्या कागदातून आरोपीचाच बचाव बोलत होता! खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार दिला होता. पक्षकारांची नावे, साल, पान क्रमांक, सगळे जागच्या जागी. रात्री उशिरापर्यंत शोधूनही तो निकाल सापडला नाही. सापडणार कसा? तो कोणत्याही न्यायालयाने दिलेलाच नव्हता. यंत्राने तो रचला होता.

तो कागद तसाच दाखल झाला असता तर नुकसान कोणाचे झाले असते? यंत्राचे नाही. ते बनवणाऱ्या सातासमुद्रापारच्या कंपनीचेही नाही. नुकसान झाले असते गावकुसाबाहेर जीव मुठीत धरून बसलेल्या त्या फिर्यादीचे. म्हणूनच वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही आणि वापरली तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या मोठ्या वकिलांपुरता नाही. तो आपल्या समाजाच्या न्यायाचा प्रश्न आहे.

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. चॅटजीपीटीसारखे कार्यक्रम म्हणजे कायद्याचे ग्रंथालय नव्हे. अफाट मजकूर वाचवून त्यांना शब्दामागून शब्द जुळवायला शिकवलेले असते. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल याचा ते अंदाज बांधतात. निकालाचा संदर्भ कसा दिसतो हे त्यांना ठाऊक असते. तो निकाल खरोखर आहे की नाही, याची खात्री ते आपणहून करतीलच असे नाही. आणि खोटे सांगतानाही त्यांचा आवाज तितकाच ठाम असतो. गावातला बेरकी माणूस थाप मारताना निदान अडखळतो. हे यंत्र अडखळतही नाही.

याची पहिली गाजलेली किंमत अमेरिकेतल्या वकिलांनी मोजली. विमानात खानपानाच्या गाड्याचा धक्का लागून गुडघ्याला इजा झाली, म्हणून एका प्रवाशाने अॅव्हिअँका या विमान कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने दिलेले सहा निकाल सादर केले. सहाही बनावट निघाले. शंका आली तेव्हा एका वकिलाने यंत्रालाच विचारले, हे निकाल खरे आहेत ना? यंत्र म्हणाले, खरे आहेत. चोरालाच साक्षीला बोलावण्याचा हा प्रकार! जून २०२३ मध्ये न्यायालयाने वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. यंत्राचा वापर हा मुळात गुन्हा नाही, पण न्यायालयापुढे ठेवलेल्या मजकुराची शहानिशा करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असा त्या आदेशाचा आशय होता. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात तर पंचेचाळीस संदर्भांपैकी अठरा निकाल अस्तित्वातच नव्हते. ते शोधले होते पक्षकाराने आणि वकिलाने ते न तपासता पुढे केले होते.

हे तिकडचे झाले म्हणून आपण निर्धास्त राहायचे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशात अधिकाऱ्याने अस्तित्वात नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता. न्या. भूषण गवई यांनी सरन्यायाधीश होण्याआधी, मार्च २०२५ मध्ये, केनियातील नैरोबी येथे बोलताना याच धोक्याकडे बोट दाखवले होते. तरीही आमचे अनेक वकीलबंधू 'एवढं कोण तपासतंय' या भ्रमात आहेत. समोरचा वकील तपासतो. न्यायाधीश तपासतात. आणि त्या दिवशी वकिलाची अब्रू जाते, पक्षकाराचा खटला जातो.

बनावट निकाल निदान पकडला तरी जातो. त्याहून घातक आहे तो खरा, पण मेलेला निकाल. आमच्या तरुण वकिलाच्या कागदात नेमके हेच घडले होते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारे निर्देश दिले. प्राथमिक चौकशी, अटकेपूर्वी मंजुरी, अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी. त्याविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद झाला, आपल्या बांधवांचे बळी गेले. त्या लढ्यामुळे संसदेला ऑगस्ट २०१८ मध्ये कलम १८अ आणावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात कलम १८अ वैध ठरवले. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होत नाही, एवढी वाट त्या निकालात ठेवलेली आहे. तीही फिर्यादीच्या वकिलाला ठाऊक हवी, कारण आरोपीचा वकील तीच धरून येणार.

हा सगळा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. पण यंत्राने वाचलेल्या ढिगाऱ्यात २०१८ च्या त्या निकालावर लिहिलेला मजकूर भरपूर आहे आणि ढिगाऱ्यातून यंत्र तोच उचलून समोर ठेवू शकते. रस्त्यावर रक्त सांडून जे मागे घ्यायला लावले, ते मोबाईलच्या पडद्यावरून आपल्याच वकिलाच्या हातून परत न्यायालयात जावे, यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती?

हाच घोटाळा कलमांच्या आकड्यांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे जुने कलम ३०२ आता १०३ झाले आहे. नव्या संहितेतले ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. जुने आणि नवे यंत्राने एकत्र कालवले आणि वकिलाने डोळे झाकून सही केली, तर काय अनर्थ होईल ते सांगायला नको.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. पक्षकार वकिलापुढे मन मोकळे करतो, कारण ती गोष्ट चार भिंतींबाहेर जाणार नाही असा त्याला विश्वास असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने या विश्वासाला कायद्याचे कवच दिले आहे. वकील ती माहिती पक्षकाराच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. मग फिर्यादीचे नाव, गाव, साक्षीदारांची नावे, पीडित मुलीचा जबाब हे सारे फुकटच्या कार्यक्रमात टाकणे म्हणजे काय? तो मजकूर कुठल्या देशातल्या संगणकावर साठतो, कोण वाचतो, पुढे यंत्राला शिकवायला वापरला जातो काय, हे वकिलाला माहीत नसते. ज्या गावात साक्षीदाराचे नाव फुटले की दळण बंद, किराणा बंद, मजुरी बंद होते, तिथे ही हयगय क्षुल्लक नाही. नाव-गाव काढून टाकल्याशिवाय आणि पक्षकाराला समजेल अशा भाषेत विचारल्याशिवाय एक ओळही यंत्रात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रश्न भाषांतराचा. आपल्या माणसाची फिर्याद मराठीत, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. मधला पूल हल्ली यंत्र बांधते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही संगणक प्रणाली आणली. त्यात वाईट काही नाही. पण इंग्रजीतल्या 'लीव्ह ग्रँटेड'चे, म्हणजे अपिलाला परवानगी दिल्याचे, 'रजा मंजूर' असे भाषांतर यंत्र करू शकते. तेच उलट्या दिशेने घडले तर? अॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी नेमके काय बोलला, कोणती जात उच्चारून बोलला, कुठे उभा राहून बोलला, चारचौघांच्या नजरेसमोर बोलला काय, यावर सगळा खटला उभा असतो. यंत्र त्या विषारी शब्दांना सभ्य करून 'अपशब्द वापरले' एवढेच ठेवते आणि गुन्ह्याचा कणाच मोडतो. शंभर पानांच्या दोषारोपपत्राचा एका पानात गोषवारा मागितला, तर नेमका जातीचा तपशील गळण्याची भीती असते. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आणि २०१० साली नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. माणसे समोर बसलेली असतानाही जात कागदावर सिद्ध होताना किती अडथळे येतात, हे आपण पाहिले आहे. ते काम आता यंत्राच्या गोषवाऱ्यावर सोडायचे काय?

म्हणजे यंत्र फेकून द्यायचे काय? मुळीच नाही. बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्रयुगाची बाजू घेतली. यंत्रामुळे कष्टकरी माणसाला फुरसत मिळते, संस्कृतीची दारे उघडतात, हा त्यांचा विचार होता. ज्या तरुणाच्या मागे वकिलाचे घराणे नाही, कार्यालयात ग्रंथसंग्रह नाही, इंग्रजी सुधारून द्यायला कोणी ज्येष्ठ नाही, त्याला हे साधन हात देऊ शकते. मुद्द्यांची जुळवाजुळव, तारखांची यादी, इंग्रजीची सफाई यासाठी ते जरूर वापरावे. पण विचार वकिलाचा हवा, तपासणी वकिलाची हवी, कारण सही वकिलाची आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ गैरवर्तनाबद्दल वकिलावर कारवाई करते. त्यात 'यंत्राने सांगितले' असा बचाव कुठेही लिहिलेला नाही. अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये आपल्या सदस्यांना आणखी एक गोष्ट बजावली आहे. यंत्राने मिनिटात केलेल्या कामाचे पक्षकाराकडून तासांचे पैसे घेऊ नयेत. दागिने गहाण ठेवून फी भरणाऱ्या आपल्या मायबहिणींच्या वकिलांनी हे आधी लक्षात घ्यावे.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर केले. निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला यंत्र वापरायचे नाही आणि यंत्राचे भाषांतर माणसाने तपासायचे, असे त्यात बजावले. तो नियम न्यायाधीशांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. वकिलांनीही आपल्या संघटनांतून असा नियम स्वतःला का घालून घेऊ नये? जिल्ह्या-जिल्ह्यांत आपले वकील आहेत. त्यांनी एकत्र बसून अॅट्रॉसिटी कायद्यावरील आजही लागू असलेल्या निकालांची तपासलेली यादी करावी, ती दर काही महिन्यांनी दुरुस्त करावी आणि नव्या मुलांच्या हाती द्यावी. हे काम कोणतीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही.

आणि वाचकहो, तुम्हीही गप्प राहू नका. वकिलाला नम्रपणे पण ठामपणे विचारा. माझे कागद कोणत्या यंत्रात घातले काय? दिलेले निकाल तुम्ही स्वतः वाचलेत काय? अर्ज मला मराठीत समजावून सांगाल काय? अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. अत्याचाराच्या खटल्यात जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम १५अ ने दिला आहे. हे हक्क वापरा.

शेवटी चवदार तळ्याची आठवण करून देतो. १९२७ साली महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला. अस्पृश्यांनी तळ्यावर यायचे नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जुने आहे, सगळे तसेच म्हणतात, म्हणून खरे आहे, हाच त्यांचा युक्तिवाद. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून दावा टिकला नाही. जुन्या मजकुराच्या ढिगाऱ्यातून बोलणारे हे यंत्रही तोच युक्तिवाद करते. पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून खरे आहे. त्याला तोच प्रश्न विचारायचा, जो महाडच्या सवर्णांना न्यायालयात विचारला गेला. पुरावा कुठे आहे?

आमच्या त्या तरुण वकिलाने तो मसुदा फाडला. रात्रभर जागून, निकाल स्वतः वाचून, नवे म्हणणे हाताने लिहिले. इंग्रजी थोडे खडबडीत होते. पण त्यातले प्रत्येक वाक्य त्याचे होते, आणि न्यायाधीशांनी विचारले असते तर प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे उत्तर होते.