शीर खुर्म्याच्या पानावर कर्जाची जाहिरात

दोन रमजानांपूर्वीची गोष्ट. इफ्तार आणि मगरिब आटोपून अब्बा ओटीवर बसले होते. मस्जिदीत कोणीतरी त्यांना सांगितले होते, की तुमच्या घरातल्या मुली मोबाइलवर पाककृती लिहितात आणि त्याचे पैसे मिळतात. त्यांनी आम्हाला आमची वेबसाइट त्यांच्या फोनवर उघडून द्यायला सांगितली. शीर खुर्म्याचे पान उघडले. साहित्याची यादी संपते तिथे एक चौकोन होता : पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रांची कटकट नाही. थोडे खाली सरकवले तर पत्ते पिसणारा एक हात. अब्बांनी चष्मा पुसला आणि विचारले, "ह्या कर्जवाल्याचे पैसे तुम्हाला मिळतात का?"

मिळत होते. आम्ही तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. टोपी घालून तरावीहला निघून गेले.

आम्ही दोघी नणंद-भावजय, चिपळूणजवळच्या एका गावात राहणाऱ्या. कोकणी मुसलमानांच्या घरातले पदार्थ मराठीत नीट लिहिलेले सापडत नाहीत म्हणून सांदण, तांदळाची रोटी, सुकटाची चटणी, कोलंबीचा पुलाव असे एकेक लिहायला लागलो. पहिले वर्षभर एक रुपया मिळाला नाही. मग गुगलच्या ॲडसेन्स योजनेत नाव घातले, पानांवर जाहिराती दिसू लागल्या आणि हळूहळू त्या पैशांतून घरातल्या धाकटीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचा काही भाग निघू लागला. म्हणजे अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्या फीला हात लागणार होता.

या पैशाची वाट आधी समजून घ्यायला हवी. आपले पान कोणी उघडले, की त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. वाचणारा कोणत्या देशात आहे, कोणत्या भाषेत वाचतो, पान कशाबद्दल आहे, यावर जाहिरातदार बोली लावतात. जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. पूर्वी हिशोब बहुतेक क्लिकवर चालायचा. 2024 पासून ॲडसेन्समध्ये तो जाहिरात दाखवण्यावर होतो. जाहिरातदार गुगलच्या मार्फत आलेला असेल, तर त्याने दिलेल्या रकमेतले सुमारे 68 टक्के पान चालवणाऱ्याला मिळतात. मराठी पानांना बोली कमी लागते, हे आधीच मान्य करून टाकावे. हजार वेळा पान पाहिले गेल्यावर किती पैसे आले, हा आकडा बघायचा असतो, आणि तो इंग्रजी पानांच्या मानाने आपल्याकडे फार लहान असतो. 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आमचे पहिले 100 डॉलर जमायला चौदा महिने लागले.

या चौदा महिन्यांत आम्ही सगळ्यांनी करतात तीच चूक केली. पैसे कमी, मग जाहिराती वाढवा. आपोआप जाहिराती लावणारी सोय शेवटपर्यंत ताणली. कृतीच्या प्रत्येक पायरीनंतर एक जाहिरात, खाली चिकटून राहणारी एक, आणि पान बदलताना सगळा पडदा व्यापणारी आणखी एक. कुवेतला असलेल्या आमच्या एका मावसबहिणीने फोन करून चांगलेच सुनावले. म्हणाली, हाताला पीठ लागलेले असते, पान मध्येच खाली उडी मारते, कोपराने सरकवायला जावे तर जाहिरात उघडते, तोवर तव्यावरची रोटी करपते. आम्ही आकडे काढून पाहिले. जाहिराती जवळपास दुप्पट झाल्या होत्या, पण माणसे पानावर थांबत नव्हती आणि परत येत नव्हती. महिन्याची कमाई होती तिथेच होती. मग मोठ्या पानावर तीन आणि छोट्या पानावर दोन, एवढ्याच जाहिराती ठेवल्या. फोटो हलके केले. आमच्याच गावात पावसाळ्यात नेटवर्क इतके मरते, की दोन एमबीचा एक फोटो उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे निघून जातो. पान चटकन उघडू लागले तशी माणसे एका कृतीवरून दुसरीकडे जाऊ लागली, आणि कमी जाहिरातींत पूर्वीइतकेच, पुढे थोडे जास्तही, पैसे येऊ लागले.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती घरोघरी होते. नात्यातल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "जरा आमच्या जाहिरातीवर क्लिक करा" असे कधीही लिहू नका. स्वतःही करू नका. ओळखीतल्या एका मुलीचे खाते याच कारणाने बंद झाले आणि जमलेले पैसेही गेले. आणि नियम बाजूला ठेवला तरी, घ्यायचे नसताना क्लिक करणे म्हणजे जाहिरातदाराला फसवणेच.

तर अब्बांचा प्रश्न. व्याजाविषयी कुरआनात काय आहे ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. सहीह मुस्लिममधल्या एका रिवायतीत व्याज घेणारा आणि देणारा यांच्याबरोबर तो व्यवहार लिहून ठेवणारा आणि साक्षीदार यांचाही उल्लेख येतो. ती रिवायत आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. आमचे पान त्यात कुठे बसते, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. जाहिरात गुगल लावते, आम्ही थोडीच लावतो, असे आम्ही स्वतःला समजावत होतो. ते अर्धेच खरे आहे. कोणत्या जाहिराती नकोत ते सांगायची सोय गुगलने दिलेली आहे आणि आम्ही ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

ॲडसेन्सच्या खात्यात ब्रँड सेफ्टी या मथळ्याखाली ब्लॉकिंग कंट्रोल्स असतात. तिथे संवेदनशील प्रकारांची यादी आहे : कर्ज, झटपट श्रीमंत करणाऱ्या योजना, डेटिंग, ज्योतिष आणि काळी जादू, अंगप्रदर्शन, जुगार, दारू. प्रत्येकापुढचे बटण बंद करता येते. दुसरी एक सर्वसाधारण यादी असते, त्यात अर्थव्यवहाराखाली बँका, पतपुरवठा, विमा वेगवेगळे दिसतात. एखाद्या ठरावीक जाहिरातदाराच्या साइटचा पत्ता टाकून तेवढीच बंद करता येते. शिवाय आपल्या पानांवर लागलेल्या जाहिराती एकेक पाहून नकार देण्याचीही जागा आहे. बदल लगेच दिसत नाही, आणि चाळणीतून थोडे काही गळतेच. पत्त्यांच्या जाहिरातींचा प्रश्न नंतर सरकारनेच बराचसा सोडवला. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केंद्राने केला. कर्जाच्या जाहिराती मात्र आपल्यालाच बंद कराव्या लागतात.

आम्ही त्या बंद केल्या आणि पुढचे दोन महिने कमाई साधारण चौथाईने खाली आली. ते होणारच होते. लिलावातून मोठी बोली लावणारे बाहेर काढले, की जागा स्वस्तात जाते, आणि कर्जवाले बोली मोठीच लावतात. फीचा हप्ता जवळ आला तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, कॉलेजची फी भरून होईपर्यंत तरी चालू ठेवू. दुसरी गप्प बसली. दोन रात्री आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी आधी ॲडसेन्स कसे चालते ते अर्धा तास समजून घेतले, हे आम्हाला फार आवडले. मग म्हणाले, जे तुमच्या हातात आहे ते बंद करा. चाळणीतून गळते त्याचा अंदाज करा आणि तेवढी रक्कम सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाका. त्या वेळचा फीचा हप्ता आम्ही भिशीच्या पैशांतून भरला. तुमच्या आलिमांचे मत वेगळे असू शकते, त्यांना जरूर विचारा. फक्त विचारण्याआधी आपल्या पानावर काय दिसते ते त्यांना दाखवा.

गेलेली चौथाई भरून कशी निघाली? थोडी लिखाणातून, बरीचशी शेजारून.

लिखाणातली गोष्ट अशी. रमजानच्या पाककृती आम्ही रमजान सुरू झाल्यावर लिहायचो. नवे पान गुगलला सापडून वर यायला आठवडे लागतात, म्हणजे ईद होऊन जायची आणि मग पान वर यायचे. आता चांद दिसायच्या दोन महिने आधी लिहून ठेवतो. आणखी एक, पानाच्या पत्त्यात साल घालत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, साल बदलते, आणि साल घातलेले पान पुढच्या वर्षी शिळे दिसते. पत्ता तोच ठेवून आतला मजकूर दुरुस्त केला, की जुन्या पानाची पुण्याई वाया जात नाही.

दुसरे, आपला वाचणारा कुठे आहे ते पाहा. रत्नागिरी-रायगडची किती माणसे कुवेत, दोहा, दुबईत आहेत ते सांगायला नको. तिथून कोणी पान उघडले, तर त्याच जागेला तिथले जाहिरातदार इथल्यापेक्षा बरीच जास्त बोली लावतात. ही माणसे देवनागरीत वाचतात, पण शोधताना रोमन अक्षरांत टंकतात, म्हणून पदार्थाचे नाव रोमन लिपीतही एकदा देतो. तिथे मिळणारा तांदूळ कोणता चालेल, ताडी न वापरता सांदणाचे पीठ कसे फुगवायचे, गोठवलेल्या खोबऱ्याचा रस किती पातळ निघतो, हे लिहिलेली आमची पाने आज सगळ्यांत जास्त वाचली जातात. 'एका वाटीत किती ग्रॅम रवा' असली पाने मात्र पडली. 2024 पासून गुगल अशा प्रश्नांचे उत्तर स्वतःच वर लिहून देते, मग पानावर कोण येईल? हाताने करून बिघडवलेल्या पदार्थाचा अनुभव अजून तरी ते असे देऊ शकत नाही.

आणि शेजारून म्हणजे थेट जाहिराती. महाडकडची एक बाई घरी मसाले कुटते. तिला विचारले, आमच्या माशांच्या सगळ्या पानांवर तुझ्या मसाल्याचा चौकोन लावू, महिन्याला 800 रुपये, तीन महिन्यांचा करार. तिने आधी एक महिना लावून पाहिला, मग तीन महिने केले. नंतर सुकी मासळी विकणारे एक कुटुंब आले, रमजानात खजुराचा एक व्यापारी आला. यात लिलाव नाही, डॉलर नाही, आणि कोणाचा माल आहे ते आपल्याला माहीत असते. दर मागताना लाज वाटते, पण ती सोडावी लागते. आम्ही आधी 300 सांगितले होते आणि नंतर आठवडाभर पस्तावलो. महिन्याला किती माणसे ते पान पाहतात याचा कागद समोर ठेवला, की घासाघीस कमी होते. चौकोनावर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहायचे. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगणे नियमानेही बंधनकारक आहे. हा शब्द काढा म्हणून अडून बसलेल्या एका गोऱ्या करणाऱ्या क्रीमवाल्याला आम्ही नाही म्हटले. तो 3,000 द्यायला तयार होता.

हिशोबाचे थोडे. दिवाळीपासून डिसेंबरअखेर दर चढतात आणि जानेवारीत धपकन पडतात. पहिल्या वर्षी आपलेच काही चुकले समजून आम्ही सगळी रचना मोडली होती. तसे करू नका. खात्यात 10 डॉलर झाले, की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. गावाकडे घर नंबर नसतो, म्हणून पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, आमचा पहिला पिन पोहोचलाच नव्हता. पैसे साधारणपणे महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान सुटतात. खाते ज्या बाईचे काम आहे तिच्याच नावाने असावे, भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने नाही. हे उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावे लागते, आणि शिल्लक निसाबपर्यंत जाऊन चांद्रवर्ष पुरे झाले तर जकातही त्याच बाईवर येते. आमची गेल्या वर्षी पहिल्यांदा निघाली.

आज थेट जाहिरातींचे पैसे ॲडसेन्सपेक्षा थोडे जास्त आहेत आणि दोन्ही मिळून आम्ही कर्जाच्या जाहिराती बंद केल्या त्या वेळच्या पुढे गेलो आहोत. फार पुढे नाही. धाकटीचे शेवटचे वर्ष चालू आहे. गेल्या आठवड्यात आरोग्याच्या नावाखाली एक कर्जाची जाहिरात पुन्हा घुसली होती, तिचा पत्ता टाकून बंद केली आणि अंदाजाने 40 रुपये बाजूच्या डब्यात टाकले. विम्याच्या जाहिराती ठेवाव्यात की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. सध्या त्या बंद आहेत, कारण पासवर्ड भावजयीकडे आहे.