जाळला की संपला?

थंडीच्या दिवसांत सकाळी कुठल्याही लहान गावात फेरी मारा, दर दोन गल्ल्यांआड एक ढीग धुमसताना दिसेल. पालापाचोळा, त्यात दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. हटकलं तर उत्तर ठरलेलं: ‘साठवायचा कशाला? जाळला की संपला.’ शिकलेसवरलेले लोकही हेच सांगतात, तेव्हा खरंच राग येतो. कारण यातलं काहीच संपत नाही.

फ्लेक्स, वायरीचं आवरण, स्वस्तातल्या चपला यांत पीव्हीसी असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन. उष्ट्या-खरकट्यातल्या मिठातूनही थोडं क्लोरीन येतं. ढिगात आतपर्यंत हवा पोचत नाही, म्हणून तो जळण्यापेक्षा धुमसतोच जास्त. असा अर्धवट जळलेला धूर साधारण 200 ते 400 अंशांच्या टप्प्यात असताना त्यातला कार्बन आणि क्लोरीन मिळून डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. कचरा जाळण्याच्या चांगल्या प्रकल्पात तापमान 850 अंशांच्या वर राखतात आणि धूर गाळून मगच सोडतात. परसातल्या ढिगाला यातलं काय आहे?

‘एवढ्याशा ढिगानं काय होतंय?’ हा पुढचा प्रश्न. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घरगुती कचरा पिंपात जाळून धूर मोजला. 2000 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: रोज कचरा जाळणारी 2 ते 40 घरं मिळून जेवढं डायॉक्सिन सोडू शकतात, तेवढं रोज 200 टन कचरा जाळणारा, धूर गाळणारा आख्खा प्रकल्प सोडतो. आपली एक गल्ली म्हणजे किती घरं, ते मोजा.

खिडक्या लावून घेतल्यानंही सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाच्या शरीरात जाणारं 90 टक्क्यांहून अधिक डायॉक्सिन अन्नातून जातं, मुख्यतः दूध, मांस आणि मासळीतून. धूर गवतावर बसतो, गवत गाय खाते, आणि डायॉक्सिन दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. शरीरात गेलेलं निम्मं व्हायलाच 7 ते 11 वर्षं लागतात. या गटातलं सर्वांत घातक रसायन कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 मध्येच जाहीर केलं आहे. ढीग पेटवून डास पळवण्यासाठी ही किंमत मोजायची?

‘मग नुसता पाला तरी जाळू?’ तोही नको. त्याच्या धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर वेगळं सांगायला नको. शिवाय हाच पाला कंपोस्टला हवा असतो. ‘खताच्या खड्ड्याला घाण वास येतो’ ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि तक्रार करणाऱ्याच्याच दारात पाला जळत असतो! वास येतो तो ओलावा जास्त आणि हवा कमी झाल्यानं. स्वयंपाकघरातल्या एक भाग ओल्या कचऱ्यावर साधारण दोन भाग सुका पाला टाका, मधून मधून वरखाली करा, वास थांबतो.

उघड्यावर कचरा जाळणं गुन्हा नाही, हाही भ्रमच. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. दंड 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000.

बाकीचे समज थोडक्यात. सॅनिटरी पॅड जाळणं स्वच्छतेचं वाटतं, पण त्यात बरंचसं प्लास्टिक असतं. कागदात गुंडाळून, खूण करून वेगळं द्यावं. ‘कंपोस्टेबल’ पिशवी रस्त्याकडेला विरघळून जात नाही. तिला कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, ते सुक्या कचऱ्यात फोडून टाकू नयेत.

आणि ‘आम्ही वेगळा करतो, गाडीवाले एकत्रच करतात’. काही ठिकाणी हे खरं आहे, आणि तिथं नगरपालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण सगळीकडे तसं नाही. वेंगुर्ल्यात नगरपरिषदेनं घरोघरचा कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली आणि जुन्या डम्पिंगच्या जागेवर खत आणि बायोगॅसचं काम उभं राहिलं. ते बघायला बाहेरगावचे लोक येतात. तुमच्या गावात गाडी सगळं एकत्र करत असेल, तरी खड्ड्यात गेलेला ओला कचरा त्या गाडीत चढतच नाही, आणि धुऊन वाळवलेलं प्लास्टिक भंगारवाला घेतो.