दहा लाख पौंड, वर नऊ शिलिंग

10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग. हैदराबाद संस्थानाच्या लंडनमधल्या एजंट जनरलनं ही रक्कम 20 सप्टेंबर 1948 ला वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळवली. निजामानं शरणागती पत्करून तेव्हा तीन दिवस झाले होते.

त्या वेळच्या दरानं हे सुमारे 1 कोटी 34 लाख रुपये. 1941 च्या शिरगणतीत संस्थानची वस्ती 1 कोटी 63 लाख. म्हणजे माणशी 13 आणे कलदार, म्हणजे इंग्रजी नाण्यात. पण कळमनुरीच्या बाजारात चालायचा निजामाचा हाली शिक्का. कलदार भेटायचा पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात. हालीत मोजलं तर पंधरा आण्यांच्या वर, जवळपास बंदा रुपया. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्यात पाळण्यातल्या पोरामागेही एक रुपया परस्पर लंडनला गेला, असा माझा हिशेब. कोर्टानं मात्र पुढे तो पैसा सातव्या निजामाचा ठरवला.

वकिलातीची दुसरी आघाडी पॅरिसात होती. 16 सप्टेंबर 1948 ला इथंच सुरक्षा परिषदेनं हैदराबादची तक्रार चर्चेला घेतली. बाजूनं 8, विरोधात शून्य, तटस्थ 3. दुसऱ्या दिवशी लढाईच संपली.

हैदराबादवरची भारताची पोलीस ॲक्शन चालली 5 दिवस. निजामानं आठवड्याभरात पैसे परत मागितले, पण रहिमतुल्लांच्या होकाराशिवाय बँक हलेना. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं परक्या सार्वभौम देशावर दावा चालत नाही म्हणून प्रकरण थांबवलं. 2013 मध्ये खुद्द पाकिस्ताननंच दावा ठोकला आणि ते कवच आपल्या हातानं काढून ठेवलं. भारत आणि निजामाचे दोन नातू यांच्या बाजूनं निकाल लागला 2 ऑक्टोबर 2019 ला, म्हणजे सुमारे 26 हजार दिवसांनी. लढाईच्या पाच हजार पट!

तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. 35 पट ऐकून डोळे विस्फारतात, पण 71 वर्षांत हे दरसाल शेकडा पाचाच्या आसपासच पडतं. आपल्याकडचा सावकार हसला असता. शिवाय भारताच्या कोर्टखर्चापोटी पाकिस्तानला 28 लाख पौंड मोजावे लागले, मूळ मुद्दलाच्या जवळजवळ पावणेतीन पट.